नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे: तुम्ही मुलांमध्ये काय पाहिलंत?

अबोली_नाशिक
६ जुलै, रात्री ११:५०

बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. विषय जड आहे. पण महिन्यापूर्वी मला जे ठाऊक असायला हवं होतं ते दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर कळावं, म्हणून लिहिते.

माझी लेक १४ वर्षांची, नववीत. दिवाळीनंतर हळूहळू मिटत गेली. आधी कथकचा क्लास सुटला, मग मैत्रिणी, मग जेवण. फेब्रुवारीत शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड सगळं पाहिलं, काही निघालं नाही. समुपदेशन सुरू केलं, तीन महिने एकही वेळ न चुकवता गेलो. मे अखेरीस एका रात्री भांडी आवरताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी नसते तर तुम्हाला सोपं गेलं असतं ना?"

तिथून मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य, मध्यम ते तीव्र. फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एक, महिन्याने या. बाहेर माणसं ताटकळत बसली होती, आत आम्हाला सात-आठ मिनिटं मिळाली. काही विचारायचं असतं हेच आम्हाला सुचलं नाही.

पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि डोकेदुखी. ते केमिस्टने सांगितलं होतं. आठव्या दिवशी लेक पलंगावरून उठली आणि तिने कपाट लावलं. रात्री साडेबाराला लावलं, पण लावलं. दुसऱ्या रात्री पुस्तकांचा कप्पा. बोलायला लागली, भराभर. हे ऑफिसातून येताना पेढे घेऊन आले. मी देवापुढे साखर ठेवली.

अकराव्या दिवशी पहाटे तीनला मला पावलांचा आवाज आला. हॉलमध्ये येरझारा घालत होती, सोफ्यापासून दारापर्यंत, दारापासून सोफ्यापर्यंत. मी म्हटलं, बस ना जरा. बसली आणि लगेच उठली. "बसवत नाही गं. आतून कोणीतरी ढकलतंय. हे थांबव, नाहीतर मी काहीतरी करून घेईन." तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, भीती होती. तो चेहरा आठ महिन्यांत एकदाही पाहिला नव्हता.

फोन लागेना, म्हणून सकाळी सरळ दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टरांनी ऐकताक्षणी ओळखलं: गोळीने आलेली अस्वस्थता. डोस निम्मा केला, आठवड्याने बोलावलं, तोवर तिला एकटं ठेवू नका म्हणाले. हे औषध शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे निवळायला नऊ-दहा दिवस गेले. त्या दिवसांत आम्ही दोघं पाळीपाळीने जागलो.

आता ती बरीच शांत आहे. मला खातंय ते वेगळंच. बदल तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला बरं होणं समजले.

ज्यांच्या मुलांनी या गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी सांगा. काय दिसलं? कितव्या दिवशी? आजार कुठला, वय कुठलं आणि गोळी कुठली, हे कसं ओळखलंत? गोळ्या द्याव्यात की नाही यावर कृपा करून भांडू नका, तो निर्णय आमच्या घरात झालेला आहे.

---

बे_एरियातली_मावशी
७ जुलै, सकाळी ७:१५

अबोली, आधी एक सांगते. तुला तीन दिवस लागले, मला चार महिने लागले होते. त्याबद्दल खाली लिहिते.

इथे अमेरिकेत नैराश्याच्या औषधाच्या पुडक्याबरोबर छापील पत्रक मिळतं आणि त्यात काळ्या चौकटीत इशारा असतो. ही चौकट २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आली. इथल्या औषध प्रशासनाने अशा नऊ औषधांच्या २४ चाचण्या एकत्र करून तपासल्या, ४,४०० हून जास्त मुलं होती. खरी गोळी घेणाऱ्यांत साधारण १०० पैकी ४ जणांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, खोटी गोळी (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) घेणाऱ्यांत १०० पैकी २ जणांत. त्या सगळ्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. २००७ मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. मुलाच्या वेळी हे वाचून मी रात्रभर रडले. त्या ४ मध्ये आपला असला तर, एवढंच डोक्यात. उरलेले ९६ मला दिसलेच नाहीत.

त्या वेळी पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट, पुढचे चार आठवडे पंधरवड्याला एक, मग बाराव्या आठवड्यात, असं वेळापत्रकही सुचवलं होतं. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की गोळ्या लिहून देणं घटलं पण भेटी काही वाढल्या नाहीत. म्हणजे चौकट छापली गेली, लक्ष ठेवायचं काम मात्र घरच्यांवरच राहिलं. तुझ्या नाशिकात आणि माझ्या इथे फारसा फरक नाही.

माझ्या मुलाला (तेव्हा १६) अस्वस्थता आली नाही. त्याला काहीच वाटेनासं झालं. रडणं थांबलं म्हणून आम्ही खूश. चौथ्या महिन्यात माझे वडील गेले. आजोबांचा लाडका नातू. फोनवर बातमी ऐकून "ओके" म्हणाला आणि जेवायला बसला. नंतर स्वतःच म्हणाला, "आई, मला वाईट वाटायला हवंय, पण ते सापडत नाहीये." डॉक्टरांनी डोस उतरवला. पुढच्या महिन्यात एकदा तबला वाजवता वाजवता ढसाढसा रडला. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं, आत गेले नाही.

---

रामप्रहर
७ जुलै, सकाळी ८:०२

ताई, भांडायचं नाही म्हणालात म्हणून शांतपणे लिहितो. चौदा वर्षांच्या लेकराच्या मेंदूत रसायन घालणं मला पटत नाही. पहाटे उठवा, सूर्यनमस्कार घाला, मोबाईल काढून घ्या, गावाला न्या. आमच्या पिढीत कुणाला गोळ्या लागल्या?

---

सह्याद्री_पायवाट
७ जुलै, सकाळी ९:४०

रामप्रहर, तुमच्या मनात माया आहे हे दिसतं, म्हणून माझं सांगतो.

मीही असंच बोलायचो. थोरला सर्ट्रालिनवर, अशाच एका गोळीवर होता, पाचव्या महिन्यात छान हसतखेळत होता. गावच्या जत्रेला गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं, पोरगं ठणठणीत आहे, बंद कर ते विष. मी त्या रात्रीपासून गोळी दिली नाही. एकदम बंद. तिसऱ्या दिवशी गरगरणं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं, आणि धाकट्यावर हात उगारला. हा मुलगा मुंगी मारत नाही. मला वाटलं आजार उलटला. तो गोळी अचानक तोडल्याचा परिणाम होता. नंतर दीड महिन्याने आजारही खरंच उलटला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

आमच्या पिढीत कुणाला लागल्या, विचारता. माझा मधला काका विहिरीत सापडला होता. घरात "पाय घसरला" असं सांगायचे.

---

रामप्रहर
७ जुलै, सकाळी १०:२१

माफ करा दादा. माझ्या तोंडून नको ते निघालं. धागा वाचत राहीन.

---

बालमनोवैद्य
७ जुलै, दुपारी ३:१०

मी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. पालकांनी काय पाहावं ते लिहितो. ओपीडीत हे नीट सांगायला वेळ अपुरा पडतो, आणि यात आमचा दोष आहे.

सगळ्यात आधी, गोळी सुरू करण्यापूर्वीचा आठवडा लिहून ठेवा. झोप किती, जेवण किती, चिडणं किती वेळा, मरणाचा विषय निघाला का, निघाला तर कोणत्या शब्दांत. हे नसेल तर पुढे "हे आधीपासून होतं की आत्ता आलं" या प्रश्नाला उत्तरच राहत नाही. नैराश्यात चिडचिड असते, वयात येताना असते, गोळीनेही येते. ती कधी सुरू झाली ही तारीखच कामाला येते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर जे येतं त्याला आम्ही चेतवणं म्हणतो. मूल खदखदतं. झोप तुटते, बडबड वाढते, विचार न करता कृती होते. लहान वयात हे जास्त दिसतं, म्हणून आठ-दहा वर्षांच्या मुलात डोस फार हळू वाढवतात. याच्या पलीकडची अवस्था म्हणजे अकथिसिया, अबोलींनी वर्णन केली ती. बसवत नाही, उभं राहवत नाही, पाय थांबत नाहीत. मोठ्या माणसांनाही ती सोसवत नाही. मुलाकडे तिला शब्द नसतात, ते "मला मरायचंय" म्हणतं, कारण त्याला ठाऊक असलेला सर्वांत मोठा शब्द तोच असतो. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

तिसरी गोष्ट उन्माद. मूल तीन तास झोपतं आणि तरी थकत नाही, मोठमोठ्या योजना सांगतं, पैसे उधळतं, कुणाशीही भिडतं. घराण्यात कुणाला उन्माद-नैराश्याचा, म्हणजे बायपोलर आजार असेल तर गोळी लिहिण्याआधी सांगा. इथे सासर-माहेरचा संकोच आड येतो. आत्याला कधी "देवीचं वारं" आलं होतं, मामा दोन वर्षं घर सोडून गेले होते, हे तिसऱ्या भेटीत कळतं. आम्हाला ते पहिल्या भेटीत हवं असतं.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती खोटी आहे. मूल बहुतेक वेळा सुटल्यासारखं बोलतं. हो म्हणालं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं ठेवू नका, आणि फोन करा. गोळ्यांची स्ट्रिप मुलाच्या हातात देऊ नका, रोजची एक तुम्ही द्या आणि बाकी कुलपात. आजोबांची बीपीची, झोपेची औषधंसुद्धा.

आणखी एक, कारण हे राहून जातं. या गोळ्या चालू असताना खोकल्याचं औषध किंवा दुखण्याची गोळी परस्पर देऊ नका. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्याच्या गोळीतलं ट्रॅमाडॉल यांच्याशी यांचं जुळत नाही. ताप, घाम, थरथर, जुलाब आणि गोंधळलेपण एकत्र आलं तर थेट रुग्णालय.

---

कागद_वाचणारा
७ जुलै, संध्याकाळी ६:३३

डॉक्टर, मी औषध कंपन्यांच्या चाचण्यांचे कागद तपासायचं काम करत होतो, म्हणून विचारतो. पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीच्या, मुलांमधल्या एका चाचणीचा निबंध २००१ मध्ये छापला गेला, औषध चांगलं चालतं आणि मुलांना सोसतं असा. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ नोंदी उघडून तीच चाचणी पुन्हा तपासली, तेव्हा ते परिणामकारकही नव्हतं आणि सुरक्षितही नव्हतं. मधली चौदा वर्षं आईबापांनी कशावर विश्वास ठेवायचा होता? मुलाच्या आत्महत्येच्या विचाराला निबंधात "भावनिक अस्थिरता" म्हटलं होतं. अशा शब्दाखाली काय दडतं हे आम्हा कागद वाचणाऱ्यांना कळतं, आईला कसं कळणार?

---

बालमनोवैद्य
७ जुलै, रात्री ९:०५

तुमचा राग योग्य आहे, माझाही आहे. ब्रिटनने २००३ च्या जूनमध्येच १८ खालच्यांच्या नैराश्यात पॅरोक्सेटिन नको म्हटलं, आणि डिसेंबरपर्यंत या दोन्ही औषधांच्या गटातल्या, फ्लुऑक्सेटिन सोडून, बाकी औषधांचाही मुलांच्या नैराश्यात फायद्यापेक्षा धोका जास्त असं सांगितलं. म्हणून "डिप्रेशनची गोळी" हा एकच ढीग नाही. पालकांनी औषधाचं नाव विचारावं, आणि हेच का, असंही विचारावं.

फ्लुऑक्सेटिनबद्दल बोलायचं तर २००४ मध्ये एक मोठी चाचणी छापली गेली, पैसा सरकारी होता. १२ ते १७ वर्षांची ४३९ मुलं. बारा आठवड्यांनी गोळी आणि विचार-वर्तन उपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) दोन्ही मिळालेल्यांत १०० पैकी ७१ सुधारले, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या उपचारावर ४३, खोट्या गोळीवर ३५. मला यातला ३५ हा आकडाही महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी नियमित भेटतं, ऐकतं, विचारतं, एवढ्यानेही मूल काही अंशी सावरतं. आणि आत्महत्येचे विचार सगळ्यात जास्त ओसरले ते दोन्ही मिळालेल्या गटात. अबोली, समुपदेशन सोडलं नसेल अशी आशा करतो.

---

कापूसपट्टा
८ जुलै, सकाळी ६:२०

यवतमाळकडून लिहितो. आमच्या तालुक्याला मानसोपचाराचे डॉक्टर नाहीत, जिल्हा रुग्णालयात जावं लागते, एक दिवस मोडते. दर आठवड्याला भेट आम्हाला जमणारी नाही. आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या कामी पडेल.

पुतणीची गोळी चालू झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रात्री-बेरात्री काही वाटलं तर १४४१६ लावा. सरकारची टेलि-मानस, २०२२ पासून आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. दोनदा लावला. एकदा झोप उडाली म्हणून, एकदा वहिनीचाच धीर सुटला म्हणून. दोन्ही वेळा माणूस नीट बोलला.

दुसरं म्हणजे फवारणीचं औषध. डॉक्टर गोळ्या कुलपात ठेवा म्हणाले, आमच्या इथे पहिले ते कुलपात पाहिजे. आमचे डबे गोठ्यात उघडे राहायचे. ते पुतणीच्या घरापासून दूर, चुलतभावाच्या खोलीत लोखंडी पेटीत टाकले, किल्ली माझ्या करगोट्याला. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच काढतो. सुरवातीला बायको म्हणे पोरीवर भरोसा नाही का. म्हटलं, भरोसा पोरीवर आहे, त्या एका घडीवर नाही.

---

तेव्हाची_मी
८ जुलै, दुपारी १२:४५

इथे सगळे आईबाबा बोलत आहेत. मी पंधराव्या वर्षी ही गोळी घेतली, आता २२ ची आहे. दुसऱ्या बाजूने लिहू?

मला कुणी सांगितलं नव्हतं की गोळीने असं होऊ शकतं. आईबाबांना डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, मी घाबरेन म्हणून माझ्यापासून लपवलं. दहाव्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटलं तेव्हा मला वाटलं, ही मीच आहे. आत्तापर्यंत उदास होते, आता वाईटही झाले. "हे औषध करतंय, तू नाहीस, आणि हे उतरेल" हे एक वाक्य तेव्हा मिळालं असतं तर ते दिवस वेगळे गेले असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सांगा. ती घाबरत नाहीत, ती आधीच घाबरलेली असतात.

दुसरं, कसं वाटतंय, कसं वाटतंय, दिवसातून वीस वेळा. आई बाथरूमच्या दाराशी उभी असायची. मी तिच्यासाठी बरं असल्याचं नाटक करायला लागले, म्हणजे तिला खरं काहीच दिसेना. मग आमच्या समुपदेशक ताईंनी ठरवून दिलं: संध्याकाळच्या चहाला एकदाच विचारायचं, मी दहापैकी एक आकडा सांगायचा, आणि तीनच्या खाली असेल तरच पुढे बोलायचं. मी आकडा खरा सांगायचे. एकदा "दोन" म्हटलं, तर आईने चहा पूर्ण प्यायला, मग चप्पल घातली आणि म्हणाली चल. तिच्या हाताला कंप होता, पण आवाज साधा होता. मी अजून तिला तेव्हाचं विचारलेलं नाही.

---

अबोली_नाशिक
८ जुलै, रात्री १०:३०

तेव्हाची_मी, तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "त्या रात्री मला वाटलं मी वेडी झाले." मी तिला जे आधीच सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं.

डॉक्टर, समुपदेशन चालू आहे, बुधवारी. आणि तुमचं घराण्याबद्दलचं वाचून मी यांच्याजवळ विषय काढला. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. सासूबाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग पंधरा मिनिटं सलग बोलल्या, अगदी लग्नात तिने रात्रभर सगळ्या वऱ्हाडाला मेंदी काढली होती तिथपासून. पुढच्या भेटीत ते सगळं सांगणार आहे. सासूबाई स्वतः यायचं म्हणतात.

वही घातली आहे. तारीख, झोप, चहाचा आकडा, आणि एक ओळ.

---

सह्याद्री_पायवाट
९ जुलै, सकाळी ७:५०

वहीत शाळेतलंही येऊ द्या. दिवसाचे सहा तास मूल आपल्या नजरेआड असतं. आम्ही वर्गशिक्षकांना आजाराचं नाव न सांगता एवढंच सांगितलं, औषध बदललंय, वर्गात बसवेनासं झालं किंवा कुणावर धावून गेला तर शिक्षा करण्याआधी मला फोन करा. बाईंनी एकदा केला. त्याच दिवशी डोस वाढवल्याचा पाचवा दिवस होता.

आणि बंद करण्याबद्दल, कारण ती वेळही येईल. दुसऱ्या खेपेला आम्ही पूर्ण बरा झाल्यावर नऊ महिने थांबलो आणि मग दोन महिन्यांत थोडी थोडी कमी केली. परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात, जत्रेला न जाता.

---

अबोली_नाशिक
२३ ऑगस्ट, रात्री ११:१५

विचारपूस करणारे निरोप येत आहेत, म्हणून लिहिते.

सासूबाईंनी सांगितलेलं ऐकून डॉक्टरांनी घाई केली नाही. दीड महिना १० वरच ठेवलं, दर पंधरा दिवसांनी बोलावलं, उन्मादाचं काही दिसतंय का ते तपासत राहिले. तसं काही दिसलेलं नाही. आकडा चार-पाचवर येऊन अडकला आहे. शाळेत आठवड्यातून तीन-चार दिवस जाते. जेवते. पण कथकच्या घुंगरांची पेटी अजून माळ्यावरच आहे, आणि सकाळचा तो रिकामा चेहरा गेलेला नाही.

म्हणून डोस वाढवायचा ठरला. एक दिवस १०, एक दिवस २०. या वेळी डॉक्टरांनी पाऊण तास दिला आणि लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं, काय होऊ शकतं, कितव्या दिवशी, आणि झालं तर काय करायचं. तिने विचारलं, "परत तसं झालं तर?" ते म्हणाले, "तर तू आईला उठवायचंस, आणि आई मला. रात्री तीन वाजले असले तरी." त्यांनी नंबर तिच्या वहीत लिहून दिला. वही आता तीच लिहिते.

सोमवारपासून सुरू. वर्गशिक्षिकेशी बोलून ठेवलं आहे. यांनी दुसऱ्या आठवड्यात चार दिवस रजा टाकली आहे. मी सोमवारपासून पंधरा दिवस हॉलमध्ये गादी घालणार आहे, सोफा आणि दार यांच्या मधे.